जुनी फोर बाय फोर: आधी गाडीखाली झोपा, मग सौद्याला बसा

प्रश्न: आजवर मित्रांच्या गाड्यांत बसून कच्चे रस्ते, वाळू, चिखल पुष्कळ पाहिला. आता स्वतःची जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर देता येणारी गाडी, घ्यायची आहे. एकाच मॉडेलच्या, साधारण एकाच वयाच्या दोन डिझेल गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिलीला नवा रंग आहे, गाडी उंच केली आहे, मोठे टायर, रुतलेली गाडी ओढायची विंच, टपावर दिव्यांची रांग. मालक म्हणतो, हौसेनं सजवली, चिखलात कधी उतरवली नाही. रनिंगही कमी आहे. दुसरी कंपनीतून आली तशीच आहे. रंग उडालाय, दारांवर ओरखडे आहेत, आणि ती वर्षानुवर्षं आडवाटेला जात होती हे मालक स्वतःच सांगतो. केलेल्या कामांची वही आणि बिलं त्याच्याकडे आहेत. घरचे सगळे पहिलीच्या बाजूनं आहेत. पण ती घेतली तर माझी सगळी पुंजी संपते. दुसरी घेतली तर थोडे पैसे उरतात. कोणती घेऊ? घेतल्यावर आधी काय करून घेऊ? आणि पुढच्याच आठवड्यात मित्रांची एक मोठी सफर आहे, तिला नवी गाडी नेली तर चालेल का?

उत्तर: तुमच्या घरच्यांची नाराजी पत्करून सांगतो, माझा कल दुसऱ्या गाडीकडे आहे. मात्र तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, शाबूत निघाली पाहिजे. नाही निघाली तर दोन्ही गाड्या सोडा आणि तिसरी शोधा. पैसे उरतात हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे दुसऱ्या गाडीचा इतिहास तुमच्यासमोर उघडा आहे.

आडवाटेला गेलेली गाडी म्हणजे वाया गेलेली गाडी, हा समज फार पसरलेला आहे आणि मला तो पटत नाही. या गाड्या त्याच कामासाठी बनवल्या जातात. चिखलात उतरल्यानं त्या खराब होत नाहीत; चिखलातून आल्यावर न धुता, ऑइल न तपासता तशाच उभ्या ठेवल्यानं होतात. म्हणून त्या मालकाची वही नीट वाचा. नुसत्या इंजिन ऑइलच्या नोंदी असतील तर ती अर्धीच काळजी झाली. डिफरेन्शिअलचं (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या अॅक्सलवरच्या गिअरपेटीचं) ऑइल, चाकांचे बेअरिंग, तिथपर्यंत जोर नेणाऱ्या लांब दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, क्रॉस (सांधे), ब्रेक ऑइल यांचा उल्लेख कुठे येतो ते शोधा. पाण्यातून गाडी काढल्यानंतर ऑइल बदलल्याची एखादी नोंद सापडली, तर त्या माणसाला आपली गाडी कळत होती असं खुशाल समजा. नोंदींच्या तारखा आणि किलोमीटर बिलांशी जुळवून पाहायला मात्र विसरू नका.

पहिल्या गाडीच्या रनिंगबद्दल एक हिशेब मांडतो. मोठ्या व्यासाचं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटर फेऱ्याच मोजतो. मूळ टायर 29 इंचांचे असतील आणि आता 33 इंचांचे बसवले असतील, तर गाडी जवळपास 14 टक्के जास्त चालते आणि मीटरला त्याचा पत्ता नसतो. मीटर नव्यानं जुळवून घेतला नसेल, तर मोठ्या टायरांवरचे दाखवलेले 50,000 किलोमीटर प्रत्यक्षात 57,000 च्या आसपास असतात. वेगाचा काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतो. शिवाय मोठी चाकं फिरवायला इंजिन, क्लच आणि डिफरेन्शिअलमधले मुख्य गिअर, म्हणजे क्राऊन-पिनियन, यांना जास्त ताण पडतो, ब्रेकनाही. गाडी उंच केली की प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, ब्रेकचे रबरी पाइप ताणले जातात, पुढच्या चाकांचा कास्टर (स्टिअरिंगच्या सांध्याचा पुढे-मागे कल) बिघडू शकतो. हे सगळं ध्यानात घेऊन काम करणारे लोक असतात, आणि नुसत्या स्प्रिंगच्या पाट्यांवर ठोकळे ठेवून मोकळे होणारेही असतात. कोणी केलं, कोणते भाग वापरले, ब्रेकचे पाइप लांब घातले का, हे त्या मालकाला विचारा. उत्तर गोलमाल आलं तर त्या उंचीचे पैसे देऊ नका.

गाडी कधीच चिखलात उतरली नाही, या म्हणण्याची शहानिशा खाली झोपूनच होते. डिफरेन्शिअलच्या पोटावर, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे जोर पाठवणाऱ्या गिअरपेटीच्या) खालच्या पत्र्यावर दगडाचे घासे आहेत का? चासीच्या भोकांतून बोट घातलं की वाळलेला गाळ लागतो का? खालची बाजू ताज्या काळ्या रंगानं किंवा रबरी लेपानं माखलेली असेल, तर मी जास्तच सावध होतो. गंज न लागू देण्यासाठी तो लेप असतो हे खरं, पण विकायच्या आधी मारलेला लेप बहुधा लागलेला गंज झाकायला असतो.

आता चासी. या गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चासी असते आणि बॉडी तिच्यावर नटांनी बसवलेली असते. बॉडीचा पत्रा कापून, जोडून, रंगवून नवा करता येतो. चासी गेली की गाडी गेली. तिचे दांडे बहुतेक ठिकाणी पोकळ असतात. आत चिखल साचतो, ओल धरतो आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणूनच बाहेरून बरी दिसणारी चासी आतून गंजून खाल्लेली असू शकते. लहानशा हातोडीनं तिच्यावर हलके ठोके मारत पुढून मागे जा. निरोगी लोखंड खणखणीत वाजतं, खाल्लेल्या जागी आवाज बद्द येतो. स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, पाट्यांचे हँगर, शॉकअपचे ब्रॅकेट आणि मागच्या चाकांच्या वरची कमान या चार ठिकाणी घाई करू नका. नंतर केलेलं वेल्डिंग दिसलं तर का केलं ते विचारा. चासी नंबर कागदांतल्या नंबरशी जुळला पाहिजे, आणि नंबरभोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर तिथूनच परत फिरा. गाडीवर कर्ज बाकी नाही याचाही कागद हातात घ्या.

गंजानंतरचा दुसरा शत्रू पाणी. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, सुवास फवारून विकायला काढता येते, पण बारीक गाळ सगळीकडून काढता येत नाही. गालिचा कोपऱ्यातून उचला. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का पाहा. हेडलाइटच्या आत, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जुडग्यावर, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी टॉर्च मारून बघा. फिल्टरच्या डब्यात गाळाची रेघ दिसली, तर पाणी इंजिनच्या दारापर्यंत पोचलं होतं हे नक्की.

डिफरेन्शिअलमध्ये पाणी कसं शिरतं, हेही समजून घ्या, कारण पुढे तुमच्या हातातली गाडी वाचवायला ते उपयोगी पडेल. चालून तापलेलं डिफरेन्शिअल एकदम थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ती जागा भरायला बाहेरची हवा आत घेणारं एक छोटं छिद्र, म्हणजे ब्रीदर, असतो. तो चिखलानं बुजलेला असेल, किंवा पाण्याखाली गेला असेल, तर ऑइल सीलच्या फटीतून किंवा ब्रीदरमधूनच पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ होतं, त्याची वंगणशक्ती जाते आणि बेअरिंग खाल्ले जातात. मालकाची परवानगी घेऊन पुढच्या-मागच्या डिफरेन्शिअलचं वरचं बूच उघडा आणि ऑइलमध्ये बोट बुडवून पाहा. काळं चालेल, दुधाळ चालणार नाही.

इंजिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तपासणारे मिस्त्री सहज मिळतात. जाल तेव्हा इंजिन थंड असलं पाहिजे. आधीच चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरू करताना डिझेलनं जरासा काळा धूर सोडला तर हरकत नाही. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून जोरात भपकारे येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं, गरम असताना कदापि नाही.

फोर बाय फोर खरोखर लागतं का, हे तपासल्याशिवाय विसार देऊ नका. पुष्कळ गाड्यांचं हे दुसरं लिव्हर वर्षानुवर्षं कोणी हलवलेलं नसतं, आणि न वापरलेली यंत्रणा जाम होते. तुमच्या दोन्ही गाड्या पार्ट-टाइम पद्धतीच्या, म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणाऱ्या आणि लागेल तेव्हाच फोर बाय फोर लावायच्या, असणार असं धरून चालतो. त्यात फोर बाय फोर लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. मातीवर चाकं घसरून तो फरक भरून काढतात, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरांवर आणि शाफ्टवर येतो. म्हणून ही चाचणी मातीवर किंवा खडीवरच करा. पुढच्या चाकांना हातानं फिरवायचे हब (चाक अॅक्सलला जोडणारे किंवा सोडणारे) असतील तर ते आधी लॉक करा. फोर हाय (नेहमीच्या वेगाचा फोर बाय फोर) लावून, स्टिअरिंग पूर्ण वळवून, अगदी हळू गोल फिरा. गाडी अडखळत, चाकं खरवडत फिरली तर पुढची चाकं ओढतायत. काहीच फरक जाणवला नाही, तर जोड कुठेतरी तुटलेला आहे. फोर लो (कमी वेग, जास्त जोर) लावताना गाडी थांबवायची आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायचा. मग चढावर हलका जोर द्या. लिव्हर आपोआप उडून बाहेर आलं तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार, आणि तो खर्च लहान नसतो.

स्टिअरिंगसाठी पुढचं चाक जॅकवर उचलून घ्या. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट. आडवं धरून हलवल्यावर जाणवला तर टाय रॉडचे एंड. सलग पुढचा अॅक्सल असलेल्या गाडीत हे भाग आणि बुश झिजले की एखाद्या लहान खड्ड्यानंतर अख्खं स्टिअरिंग जोरात हलायला लागतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. चालवून पाहताना असं झालं आणि मालक म्हणाला की फक्त बॅलन्सिंगचा प्रश्न आहे, तर विश्वास ठेवू नका. पुढून मागच्या गिअरमध्ये टाकताना खालून ठक्कन आवाज आला तर क्रॉस झिजलेत. ते त्या मानानं स्वस्तातलं काम आहे. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी रबर म्हातारं होतंच. चारही टायर एकाच मापाचे आहेत ना, तेही पाहा.

एवढं तुम्ही स्वतः पाहिलंत की मग गाडी लिफ्टवर चढवून एका मिस्त्रीला दाखवा. तो तुम्ही पैसे देऊन आणलेला असावा, विकणाऱ्याच्या ओळखीतला नको.

आता पैशांचं. गाडीची किंमत म्हणजे मालकाच्या हातात ठेवलेली रक्कम नव्हे. त्यात पहिल्या कामाचा खर्च मिळवला की खरी किंमत होते. जुन्या फोर बाय फोरसाठी ठरवलेल्या पैशांतला निदान पाचवा हिस्सा या पहिल्या कामासाठी बाजूला ठेवा, असं मी प्रत्येकाला सांगतो. पहिली गाडी घेऊन खिसा रिकामा झाला, तर तिचं हे काम तुम्ही पुढे ढकलाल. खर्चाचा डोंगर तिथूनच उभा राहतो.

ते पहिलं काम म्हणजे सगळी वंगणं एकाच वेळी बदलणं. वहीत काहीही लिहिलेलं असो, तुमचा हिशेब तुमच्या पहिल्या दिवसापासून सुरू झाला पाहिजे. इंजिन ऑइल आणि फिल्टर सगळेच बदलतात. राहून जातात ते गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं डिफरेन्शिअल आणि मागचं डिफरेन्शिअल. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा. मग आधी भरायचं बूच उघडा, ते उघडलं तरच खालचं काढा. वरचं बूच गंजून बसलेलं असेल आणि तुम्ही आधी खालून ऑइल सोडून दिलंत, तर गाडी तिथेच अडकते. खालच्या बुचाला लोहचुंबक असेल तर त्यावरचा राखाडी लगदा पाहा. बारीक, मऊ लगदा नेहमीच्या झिजेचा असतो. कपच्या किंवा दातांचे तुकडे निघाले, तर ते गिअर उघडूनच पाहावे लागतील.

ऑइल निवडताना दुकानदाराच्या सांगण्यापेक्षा गाडीच्या पुस्तिकेवर भरवसा ठेवा. हायपॉइड डिफरेन्शिअलला जीएल-5 दर्जाचं ऑइल लागतं, कारण तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरतात. पण अनेक जुन्या गिअरबॉक्सना जीएल-4 सांगितलेलं असतं. जीएल-5 मधली गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनं जास्त प्रमाणात असतात आणि ती सिंक्रोच्या, म्हणजे गिअर सहज पडू देणाऱ्या कड्यांच्या, पितळेला त्रास देऊ शकतात, शिवाय गिअर पडायला अडखळतात. सगळीकडे एकच ऑइल ओतून मोकळं व्हायची सवय गॅरेजांत आढळते. तुम्ही शेजारी उभे राहा. मागे लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं) डिफरेन्शिअल असेल तर त्याचं वेगळं ऑइल लागतं, तेही पुस्तिकेत असतं. याच वेळी सगळे ब्रीदर साफ करून घ्या, आणि जमलं तर त्यांना नळी जोडून तोंड इंजिनच्या बाजूला उंचावर आणा. अगदी थोड्या पैशांत होणारं हे काम टपावरच्या दिव्यांच्या कितीतरी आधी करायला हवं.

इंजिनला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर टेन्शनर आणि वॉटर पंपासकट बदला. बऱ्याच डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. मालकाच्या तोंडी आश्वासनावर ही जोखीम घेऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. त्यातला डॉट 4 हा प्रकार घ्या, नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर त्याची किमान मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक तापले की ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ तळाला जातं. जुन्या गाडीत ते बदलायलाच हवं, क्लचचं हायड्रॉलिक ऑइलही. चाकं उतरवलेली असताना बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरा, क्रॉस आणि स्लाइडिंग जॉइंटमध्ये जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारा. डिझेल फिल्टर बदला, त्याखालचं पाणी काढा. कूलंट जुनं काढून, पुस्तिकेतल्या प्रकाराचं, डिस्टिल्ड पाण्यात मिसळून घाला. दोन वेगळ्या प्रकारांची सरमिसळ नको. बॅटरीच्या अर्थिंगच्या जोडण्या घासून साफ करा. टेप गुंडाळून ओढलेल्या जादा वायरी दिसल्या तर काढून टाका, त्यांनी आग लागू शकते.

नव्या वस्तूंचा मोह होईल. हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज आधी घ्या, कारण वाळूत हवा कमी करून गेलात तर रस्त्यावर येताना ती परत भरावीच लागते. ओढून काढायचे हुक चासीला, त्यासाठीच बनवलेले बसवा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा अडकवून रुतलेली गाडी कधीही ओढू नका. तो गोळा तुटून उडाला आणि माणसं दगावली, असं प्रत्यक्ष घडलेलं आहे. हे तुमच्या मित्रांनाही सांगा.

पुढच्या आठवड्याच्या सफरीला या वेळीही मित्राच्या गाडीतच बसून जा. हिरमोड होईल, मला कळतं. पण काम झाल्यावर गाडी आधी काही दिवस रोजच्या रस्त्यावर चालू द्या. चाकं उतरवली होती म्हणून साधारण 100 किलोमीटरनंतर नट पान्यानं पुन्हा आवळा. 500 किलोमीटर झाले की गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर उभी करा आणि सकाळी कुठे थेंब पडलेत ते पाहा. मग जवळच्या एखाद्या सोप्या कच्च्या वाटेवर, सोबत दुसरी गाडी घेऊन, अर्ध्या दिवसासाठी जा. फोर हाय, फोर लो दोन्ही वापरा. परत आल्यावर खालून धुवा, चासीच्या पोकळ दांड्यांत पाण्याचा फवारा मारा आणि पुन्हा एकदा खाली झोपून पाहा. तिथे सगळं कोरडं आणि घट्ट असेल, तर त्यापुढच्या सफरीला तुमचं नाव नक्की करा.